काकाजी दर रविवारी बाहेर उभे राहत

काकाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सायकल भिंतीला टेकवली, दारातूनच मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही भांडायला कुठं शिकल्या?"

मी लग्न होऊन रांझीजवळच्या तोफांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. माहेर घमापूरला, म्हणजे काही लांब नाही. पण सासरच्या वस्तीत नव्या सुनेची कीर्ती अशी पसरलेली बरी नव्हे, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, "कोण भांडलं?"

"तुम्ही. बडा फुहाऱ्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानात. पडद्याचं कापड तो कमी मापून राहिला होता. मी मागंच उभा होतो जी. आवाज चढला तुमचा, पण शिवी नाही दिली, अन् मुद्दाही नाही सोडला. आमच्या क्लबात मुलींसाठी अशी बाई पाहिजे."

"भांडायला?"

"हो मग! मुलं तर भांडतातच. त्यांच्याशी बरोबरीनं भांडेल असं मोठं माणूस काही सापडत नाही. मोठी माणसं एक तर मारतात, नाही तर लाड करतात."

आमचे हे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "घेऊन जा काकाजी. संध्याकाळचं आमचंही डोकं शांत राहील." काकाजी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते आणि हे त्यांना ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं. अशा रीतीने, पदर खोचून भांडल्याबद्दल, मी मुलांच्या क्लबाची मानद कार्यकर्ती झाले. पगार नव्हता, चहाही स्वतःचा स्वतः करून प्यायचा होता.

क्लब म्हणजे कॉलनीच्या टोकाची एक पत्र्याची शेड. पूर्वी तिथे रेशनचं धान्य ठेवत, त्यामुळे कितीही झाडली तरी कोपऱ्यातून गव्हाचे किडे निघत. कॉलनीचा कारभार पाहणाऱ्या वेल्फेअरच्या साहेबांनी ती काकाजींना वापरायला दिली होती. सतरंज्या, दोन कॅरम, एक ढोलकी, खो-खोचे खांब, आणि मुलं. मराठी, बंगाली, मद्रासी, तिथलीच हिंदी बोलणारी, सगळी फॅक्टरीतल्या माणसांची. आपसात सगळे हिंदीच बोलत. मराठी मुलांना मराठीत काही विचारलं तर तीसुद्धा हिंदीत उत्तर देत, आणि काकाजी मराठीतच पुढचा प्रश्न विचारत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. अधूनमधून जवळच्या रेंजवर, गोळे डागायच्या मैदानावर, तोफेची चाचणी होई. धमाका व्हायचा, पत्रे थरथरायचे, बोलणारा माणूस मध्येच थांबायचा आणि आवाज विरला की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचा. बाहेरगावचा पाहुणा दचकला की मुलांना फार मजा वाटे.

काकाजींची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नव्हतं. क्वार्टरमध्ये एक खाट, एक स्टोव्ह आणि कपडे टांगायची दोरी. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मला वाटलं, हा माणूस इथे फक्त झोपायला येतो, राहतो तो शेडमध्येच. त्यांच्याकडे सायकल उत्तम होती, ब्रेक, घंटी, सगळं ठाकठीक. पण कॉलनीत ते तिच्यावर कधी बसत नसत. हातात धरून चालत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सायकलवर बसलेल्या माणसाला मुलं फक्त नमस्ते करतात. पायी चालणाऱ्याला गोष्ट सांगतात."

क्लबात नवं मूल आलं की त्याला नाव-गाव विचारायच्या आधी काकाजी म्हणत, "या जागी काय खराब आहे ते सांग." तक्रार सांगितल्याशिवाय प्रवेश नाही. पहिल्याच दिवशी बिचारं मूल काय सांगणार? कुणी म्हणे पंखा नाही, कुणी म्हणे किडे आहेत. एका फटकळ बंगाली मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आप बहुत बोलते हो."

मुलं फिदीफिदी हसली. काकाजी हसले नाहीत. "अच्छा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आले ते तोंडाला कुलूप लावून. सगळी संध्याकाळ हातवारे. खो-खोत कोण बाद, कोण नाही, भांडणात चूक कुणाची, सगळं खुणांनी. एका भांडणाचा निकाल तर त्यांनी इतका सविस्तर हातांनी दिला की भांडणारे दोघेही हसून लोळायला लागले. निघताना त्या मुलीपुढे जाऊन उभे राहिले आणि भुवया उंचावल्या. ती म्हणाली, "कल थोड़ा बोल लेना." त्यानंतर ते थोडंच बोलत. निदान त्यांना तसं वाटे.

खेळात ते स्वतः उतरत आणि बाद झाले की खरोखर रुसत. मुलांना जिंकू द्यावं, कौतुक करावं, असलं काही नाही. कॅरममध्ये हरले की माझ्याकडे येऊन कुरकुरत, "त्या पोट्ट्यानं कोपर पुढं नेलं होतं, पाहिलं का तुम्ही?" मला हा माणूस कळतच नसे. हे सगळं सोंग आहे की काय, असा संशय येऊन मी पुष्कळ दिवस त्यांच्यावर पाळत ठेवून होते. सोंग असतं तर कधीतरी उतरलं असतं. ते काही उतरलं नाही.

पण सगळ्यात विचित्र प्रकार रविवारचा.

रविवारी संध्याकाळी खेळ संपले की शेडच्या आत पडद्यामागे दोन डबे मांडले जात. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, एक पांढरा रंगवलेला, एक काळा. प्रत्येक मुलाला एक चिंचोका मिळे. काकाजी राहावेत असं वाटत असेल तर पांढऱ्यात टाका, जावेत असं वाटत असेल तर काळ्यात. मूल एकटं पडद्यामागे जाई, टक् आवाज होई, मूल बाहेर येई. एवढा वेळ काकाजी शेडबाहेर कडुलिंबाखाली उभे. आत डोकावायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. सगळ्यांचं झालं की एखादी मुलगी डबे उलटे करी, ज्या ढिगात चिंचोके जास्त तो निकाल. मग त्यांना हाक मारली जाई. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते.

"हे काय काकाजी? दर आठवड्याला?"

"बाई, आमच्याकडं गेज असतो. लोखंडी माप. तयार झालेला नग त्यात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. दिवसभर आम्ही दुसऱ्यांचं काम त्यानं तपासतो. पण वापरून वापरून गेजच झिजतो. मग त्याला काहीही पास वाटते. म्हणून गेजही तपासायला पाठवावा लागतो." ते आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं सगळ्यांना मापून राहिलो मी. मला कोण मापणार?"

"पण खरंच काढलं तर?"

"तर जाईन."

काळ्या डब्यात दर वेळी दोन-चार चिंचोके असत. ज्याला त्या आठवड्यात बोलणी बसली, त्याचा हमखास. काकाजी ते पाहत, मान हलवत आणि सोमवारी आल्या आल्या विचारात पडलेले दिसत. पण कडुलिंबाखाली उभे असताना त्यांचा चेहरा मी पाहिला होता. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी मुलं बोटं मोडत बसतात, तसे ते बोटं मोडत. म्हणून म्हणते, सोंग नव्हतं.

मग पासष्टची लढाई आली.

फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला. आमचे हे सकाळी जात ते केव्हा परत येतील याचा नेम नसे. रेंजवरचे धमाके वाढले. खिडक्यांना काळे कागद, सायकलींच्या दिव्यांवर अर्ध्यापर्यंत काळा रंग. रेडिओभोवती घोळका. आणि अंधार पडला की ब्लॅकआउट. मोठी माणसं काळजीत होती, मुलांच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. ब्लॅकआउटवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनांनी मुलांना सांगितलं, शिट्ट्या घेऊन गल्लीगल्लीतून फिरा, कुठे उजेड दिसला की ओरडा. मुलं उड्या मारतच शेडमध्ये आली.

काकाजी म्हणाले, "नाही."

"क्यों काकाजी? देश का काम है!"

"ट्रकच्या दिव्यांना काळं फासलंय. फॅक्टरीचे ट्रक दिवस-रात्र चालून राहिले. ड्रायव्हरला रस्ताच नाही दिसत, तर तुम्ही काय दिसाल? दिवसा सांगा ते काम करू. अंधारात नाही."

मुलांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. एका मुलाचे वडील येऊन काकाजींना भित्रा म्हणून गेले. काकाजी ऐकून घेत आणि शेवटी पुन्हा "नाही" म्हणत. त्या रविवारी ते कडुलिंबाखाली उभे राहिले, आणि आत चिंचोक्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. त्या फटकळ मुलीने डबे उलटे केले. काळ्याचा ढीग मोठा होता.

कुणी हाक मारायलाच तयार होईना. शेवटी मीच बाहेर गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. "अच्छा," म्हणाले. आत आले, ढीग पाहिला, गळ्यातली खेळाची शिट्टी काढली आणि मुलांना विचारलं, "मग कोण?"

"दीदी!" मुलं ओरडली. दीदी म्हणजे मी.

त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. ती गरम होती, त्यांच्या अंगाची ऊब तिला होती. ते सायकल घेऊन गेले आणि मला वाटलं, आता हा माणूस त्या दोरी-खाटेच्या खोलीत काय करणार?

सोमवारी संध्याकाळी काकाजी आले. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मेंबर व्हायचंय. तक्रार ही, की कोपऱ्यात अजून किडे आहेत." आणि मुलांच्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसले! पन्नाशीचा माणूस, मांडी घालून, दहा-बारा वर्षांच्या पोरांमध्ये. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मला लाजवायला आलेत, अशी माझी खात्रीच पटली. पण ते सांगितलं ते करत होते. सतरंज्या घालायची पाळी आली की घालत, खेळात बाद झाले की बाहेर बसून कुरकुरत.

मी मुलांना शिट्ट्या घेऊन बाहेर नेलं. लहानांना घरी पाठवलं, मोठ्यांच्या दोन ओळी केल्या, मोठा रस्ता सोडून फक्त गल्ल्या. रांगेच्या शेवटी काकाजी. माझ्या मते सगळं व्यवस्थित होतं. दोन-तीन संध्याकाळी काही झालंही नाही. मग एके दिवशी तिन्हीसांजेला एका बंगल्याच्या स्वयंपाकघरात लख्ख उजेड दिसला. मुलांनी अशा काही शिट्ट्या फुंकल्या आणि "बत्ती बुझाओ" असा गलका केला की आतून भांडी पडल्याचा आवाज आला. दिवा गेला. तो वेल्फेअरच्या साहेबांचा बंगला होता. आम्ही विजयी वीरांसारखे वळलो, तर मोठ्या रस्त्याच्या वळणावरून एक ट्रक आमच्याच गल्लीत शिरला. दिवे काळे, आवाज एकदम जवळ. मागून काकाजी ओरडले, "नालीत!" आणि सगळी रांग, माझ्यासकट, नालीत. ट्रक निघून गेला. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही, पण त्या चिखलात मुलांची डोकी चाचपडत मी एकेकाला नावाने हाका मारत होते, तेव्हाचा माझा आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. काकाजी चिखलातून मुलांच्या चपला शोधून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब शेडमध्ये आले. चेहरा लालबुंद. "किसकी ज़िम्मेदारी पर चल रहा है ये सब? काकाजी, शेड आपको दिया है, जवाब आप दीजिए."

मला वाटलं, आता काकाजी म्हणतील, माझी चूक. कुणीही भला माणूस तसंच म्हणाला असता. काकाजी सतरंजीवरून उठले, हात जोडले आणि माझ्याकडे बोट केलं. "लीडर ये हैं साहब. मैं तो मेंबर हूँ."

साहेब माझ्याकडे वळले. "तो कल से आप मत आइए. और शेड की चाबी मुझे दीजिए, हमें सामान रखने को जगह चाहिए."

"चाबी आपकी है, ले लीजिए," काकाजी म्हणाले. "शेड आपका है. पर इनको आप नहीं निकाल सकते. ये अधिकार बच्चों का है, वो भी इतवार को. शेड नहीं रहेगा तो नीम के नीचे बैठेंगे, पर लीडर यही रहेंगी."

मुलांनी काकाजींनाच काढलं होतं हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही, आणि तोच माणूस हे बोलत होता. साहेब म्हणाले, "आप भी कमाल हैं," आणि चावी न घेताच गेले. मला काकाजींचा रागही आला होता आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

रविवार आला. आता कडुलिंबाखाली मी. तोपर्यंत मी त्या प्रकाराला हसत आले होते. तिथे उभी राहिले आणि मीही बोटं मोडायला लागले. पोरांचा खेळ तो, त्यात काय एवढं, असं मनाला किती बजावलं तरी आतला एकेक टक् मी मोजत होते. मला हाक आली. पांढरा ढीग मोठा होता. काळ्यातही काही चिंचोके होते.

मेंबर म्हणून एक चिंचोका काकाजींनाही मिळाला होता. मुलं गेल्यावर ते सतरंजीची घडी घालत होते. माझ्याच्याने राहवलं नाही. विचारू नये तो प्रश्न मी विचारला, "काकाजी, तुम्ही कशात टाकला?"

"काळ्यात," ते म्हणाले. सहज, वेळ सांगावी तसं.

"साहेबांपुढे तर म्हणालात, लीडर याच राहतील!"

"ते त्यांना काढायचा हक नाही म्हणून. मला आहे. मुलं नालीत पडली बाई. एखादं चाकाखाली गेलं असतं." ते घडीवरून हात फिरवत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "अन् खरं सांगू का? मला परत यायचं होतं. ट्रकचं कारण खरं आहे, पण हेही खरंच आहे. संध्याकाळी इथं येतो, अन् शिट्टी तुमच्या गळ्यात दिसते, तर जीव तुटते माझा."

मी म्हटलं, "मग मी सोडते. उद्या मुलांना सांगते, काकाजीच पाहिजेत."

ते ताडकन उभे राहिले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुम्ही काहून ठरवून राहिल्या? मुलांनी ठेवलंय तुम्हाला. काढतील तेव्हा जा. दान नाही पाहिजे मला."

सोमवारी मी मुलांना सांगितलं की शिट्ट्या बंद. अंधार पडायच्या आत प्रत्येकजण घरी. त्याऐवजी दुपारी घरोघर जाऊन खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे, म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या घरी आधी. मुलं खवळली. त्यांच्यापैकी मोठा मुलगा म्हणाला, "दीदी, इतवार आने दो." मी म्हटलं, "आने दो. मैं भी देखती हूँ." असं आमचं जुंपलं ते आठवडाभर. रोज भांडण, रोज खळीचं पातेलं, रोज काळे हात. काकाजी रांगेत उभे राहून खळ ढवळत होते. शिडीवर चढून उंच खिडक्या त्यांनीच केल्या.

त्याच आठवड्यात लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं. मुलं चिकटवलेले कागद फाडत गल्लीतून नाचली. रविवारी मी कडुलिंबाखाली गेले ती मनाची तयारी करूनच. शिट्टी गळ्यातून काढून मुठीत धरली होती, म्हणजे द्यायला सोपं. मुलांची नाराजी मला ठाऊक होती आणि काकाजींच्या जिवाचं काय होतंय तेही. एक चिंचोका तर नक्कीच काळ्यात पडणार होता. मला तो पडायला हवा होता.

हाक आली. त्या फटकळ मुलीने पांढरा डबा उलटा केला, चिंचोक्यांचा ढीग झाला. मग काळा उलटा केला. त्यातून काही पडलं नाही. तिने तळ थोपटला, तरी नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या; लढाईबरोबर शिट्ट्यांचा रागही विरला होता.

मी काकाजींकडे पाहिलं. ते शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते, डोळे लाल झाले होते. मला म्हणाले, "पाहून काय राहिल्या? पास झाल्या तुम्ही. शिट्टी घाला."

मी शिट्टी गळ्यात घातली. तिथून पुढे ते निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत लीडर मीच राहिले आणि ते मेंबर. लोक म्हणतात, किती मोठ्या मनाचा माणूस. असेल. पण त्या रविवारी त्या काळ्या डब्यात काकाजींचा तो एक चिंचोका असायला हवा होता, असं मला अजून वाटतं.